फोल्डिंग ईझल (चित्राचा बोर्ड ठेवायचा घडीचा स्टँड) घेताय? आधी वाचा
नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानातून घेतलं अन् रविवारी सकाळी सहालाच अंबाझरी तलावावर नेलं, कारण एप्रिलात नऊनंतर बाहेर वॉटरकलर करायचं म्हणजे वॉश (पातळ रंगाचा हात) खाली उतरेपर्यंत वरचा कागद सुकलेला, नुसत्या कडा पडतात. वजनाला हलकं आहे, दोन मिनिटांत उभं राहतं, ते मस्तच. पण तेच हलकेपण नडलं ना भाऊ, तलावावरून एक झुळूक आली अन् ३०० जीएसएमचा जाड, ओला कागद बोर्डासकट मातीत, माझ्या आकाशात खडेच खडे! आता मधल्या हुकला पाण्याची भरलेली बाटली टांगतो, मग हलत नाही. एका पायाच्या स्क्रूचे आटे मात्र आठवड्यातच गेले, दुकानदार म्हणे वापरलेला माल बदलून मिळत नाही. सावल्या सरकायच्या आत पटकन छोटं स्केच उरकणाऱ्यांना चालेल, मोठ्या कागदासाठी लाकडीच घ्या.