चोरलच्या जंगलातल्या रेषा : कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

इंदूरहून सिमरोलमार्गे चोरलकडे उतरताना सागाच्या जंगलात माणसाने पाडलेल्या रेषा दिसतात: घाटरस्ता, विजेच्या तारांखाली तोडलेला पट्टा, गुरांच्या पायवाटा. त्यांचा नकाशा करायला निघालेला विद्यार्थी आधी सॉफ्टवेअर विचारतो. मी म्हणेन, आधी हातात डेटा कोणता आहे ते बघा. निम्मी निवड तिथेच होते.

कॉलेजकडे महागड्या सॉफ्टवेअरचा परवाना नसेल तर क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर, यात फार विचार नको. फुकट आहे, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं. खाली उपग्रहचित्र ठेवायचं आणि रेषा हाताने आखायच्या. पथ्य एकच: प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मीटरमध्ये उतरवण्याची पद्धत. इंदूर यूटीएम या प्रोजेक्शनच्या ४३ उत्तर झोनमध्ये येतं; सॉफ्टवेअरमधला त्याचा संकेतांक ईपीएसजी ३२६४३. अक्षांश-रेखांशातच काम रेटलंत तर बफर, म्हणजे रेषेभोवती ठरावीक अंतराचा आखलेला पट्टा, मीटरऐवजी अंशांत जातो आणि तारांखालचा पट्टा थेट महूच्याही पार पलीकडे पसरतो.

आर्कजीआयएस प्रो हे परवान्याचं सॉफ्टवेअर जास्त सफाईदार आहे, पण फक्त विंडोजवर, आणि महाग. विद्यापीठाचा परवाना मिळत असेल तर जरूर शिका. खिशातून मात्र नको; दोन ठिकाणांमधला सर्वांत सोपा जाण्याचा मार्ग (लीस्ट-कॉस्ट पाथ) काढण्यासारखी कामं क्यूजीआयएसमध्ये ग्रास या मोफत जोडसाधनाच्या मदतीने होतातच.

पट्टा केव्हा तोडला हे हवं असेल तर गूगल अर्थ इंजिन. संशोधनासाठी मोफत, ब्राउझरमध्ये चालतं, लँडसॅट उपग्रहांची जुनी चित्रं हाताशी. थोडं कोडिंग मात्र शिकावं लागतं. त्यातून पट्ट्याची नेमकी रुंदी मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. तिथल्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्राचा पिक्सेलही १० मीटरचा. १३२ केव्ही लाइनचा २७ मीटर पट्टा त्यात जेमतेम तीन पिक्सेल भरतो आणि पायवाट तर गायबच. चित्रं ऑक्टोबर-नोव्हेंबरची घ्या. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो, मग पट्टा कुठला आणि जंगल कुठलं हे कळत नाही.

उरलं ते खास याच कामासाठी केलेलं फॉरेस्ट लाइन मॅपर आणि त्याचा पुढचा अवतार बेरा टूल्स. हे कॅनडाच्या अल्बर्टातलं. तिथे तेलाच्या शोधासाठी जंगलात सिस्मिक लाइन, म्हणजे भूगर्भ तपासण्यासाठीचे सरळसोट पट्टे, कापले. लांडगे त्यांवरून वेगाने फिरतात आणि कॅरिबू या हरणांवर संक्रांत येते. ढोबळ रेषा दिली की हे साधन झाडोऱ्याच्या उंचीच्या रास्टरवरून (प्रत्येक पिक्सेलला उंची दिलेल्या चित्रावरून) तिची नेमकी मध्यरेषा आणि पट्ट्याची कड काढतं. कल्पना सुरेख, पण उंचीचं रास्टर, म्हणजे बहुधा लायडारने (लेसर मोजणीने) मिळवलेलं, नसेल तर ते चालवणार कशावर? कार्टोसॅट उपग्रहाचं ३० मीटर पिक्सेलचं डीईएम, म्हणजे जमिनीच्या उंचीचा नकाशा, इथे कामाचं नाही.

ड्रोनने थोडी सोय होऊ शकते. एप्रिलमध्ये साग उघडा असताना जमीन टिपायची, पावसाळ्यानंतर पानांसकट शेंडे टिपायचे, आणि वजाबाकी करून झाडांची उंची काढायची. वनखात्याची परवानगी आधी काढा. त्या मानाने सदाहरित जंगलवाल्यांचे हाल; त्यांना जमीन कधी दिसतच नाही.

थोडक्यात, प्रबंधाला सहा महिने असतील तर क्यूजीआयएस आणि हाताने आखणी. बेरा टूल्स उंचीचा डेटा हाती आल्यावरच. आखलेल्यातल्या काही रेषा क्यूफील्ड या क्यूजीआयएसच्या मोबाइल अॅपमधून सोबत घ्या आणि टेप घेऊन रुंदी मोजून या. डिसेंबरनंतर गेलात तर बरं, तोवर घाणेरी जरा ओसरलेली असते.