सुमो: डोळ्यांसमोर चालवायचं की कमांड लाइनवर?

वाहतुकीच्या सिम्युलेशनसाठी सुमो हे सॉफ्टवेअर वापरताना एकच सिनारिओ दोन तऱ्हांनी चालवता येतो: सुमो-जीयूआय, म्हणजे सुमोची चित्र दाखवणारी खिडकी, उघडून गाड्या धावताना बघायच्या, किंवा कमांड लाइनवर नुसतं सुमो चालवून निकालाच्या फाइल्स घ्यायच्या.

वेगात कमांड लाइन सरस, यात वादच नाही. चित्र काढायचा भार नसतो, सीड (यादृच्छिक आकडे कुठून सुरू होणार ते ठरवणारी संख्या) बदलून पन्नास रन रात्रभर लावून ठेवता येतात. (सीड मुद्दाम बदलावाच लागतो, नाहीतर प्रत्येक रन हुबेहूब तोच येतो.)

पण नवं नेटवर्क मी आधी जीयूआयमध्येच बघतो, आणि त्याला कारण आहे. सुमोमध्ये गाडी सलग 300 सेकंद अडकली, की डिफॉल्ट सेटिंगनुसार ती तिथून उचलून पुढच्या रस्त्यावर ठेवली जाते. याला टेलिपोर्ट म्हणतात. एकदा सरासरी प्रवासवेळ छान आली म्हणून मी खूश होतो. जीयूआयमध्ये उघडलं तर एका चौकात हिरवा दिवा जेमतेम, मागे लांबच लांब रांग, आणि पुढची गाडी मधेच गायब! इशारे लॉगमध्ये होतेच, मी वाचले नव्हते.

जीयूआयमध्ये बघताना डिले (सिम्युलेशनच्या प्रत्येक पायरीमागचा थांबा) 100 मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा. शून्यावर गाड्या डोळ्यांदेखत सुसाट निघून जातात, काही कळत नाही. गाड्यांना थांबण्याच्या वेळेनुसार रंग द्या, कोंडी कुठून सुरू होते ते लगेच दिसतं.

आकडे अहवालात द्यायचे असतील तेव्हा मात्र कमांड लाइनच.