इव्हन्स्टन टाउनशिप हायस्कूल: नववीचं वर्ष संपताना एका आईचा अनुभव

शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठाला लागून इव्हन्स्टन हे शहर आहे. तिथल्या पब्लिक, म्हणजे लोकांच्या करातून चालणाऱ्या, हायस्कूलमध्ये माझी मुलगी ऑगस्टमध्ये नववीत दाखल झाली. आता वर्ष संपत आलंय. या भागात यायचं ठरवणाऱ्या मराठी घरांतून मला जे प्रश्न येतात ते ठरलेले असतात: रेटिंग किती, आपली मुलं किती, पुढे कुठल्या कॉलेजांत जातात. त्याची उत्तरं नेटवर सापडतात. मला सांगायचंय ते या शाळेकडे शाळा म्हणून बघताना काय दिसलं ते, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आधी प्रवेशाचं. घराचा करार, वीजबिल, लसीकरणाचे कागद, नववीसाठी लागणारी डॉक्टरांची तपासणी, एवढं दिलं की झालं. मार्कलिस्ट बघून प्रवेश नाही, मुलाखत नाही, देणगी नाही. व्हिसा कोणता हेही कोणी विचारत नाही. कागदपत्रं नसलेल्या मुलालाही शाळा नाकारता येणार नाही, असा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८२ चा निकाल आहे. पत्ता हद्दीत असला की मूल शाळेचं. पुण्यात केजीच्या प्रवेशासाठी काय काय करावं लागतं ते पाहून आलेल्या मला हे पचायला वेळ लागला.

हे असं का, ते शाळेच्या नावातल्या ‘टाउनशिप’मध्ये आहे. एकोणिसाव्या शतकात एकट्या गावाला हायस्कूल परवडायचं नाही. मग आसपासच्या वस्त्यांनी मिळून कर भरायचा आणि सगळ्यांचं मिळून एक हायस्कूल चालवायचं, अशी पद्धत इथे, इलिनॉय राज्यात निघाली. राज्यातलं असं पहिलं हायस्कूल प्रिन्स्टन गावात १८६७ मध्ये उभं राहिलं. ते उभं करणारे हेन्री बोल्टवुड पुढे इव्हन्स्टनला आले आणि १८८३ मध्ये सुरू झालेल्या या शाळेचे पहिले मुख्याध्यापक झाले. तेव्हा हायस्कूलवर लोकांचा पैसा खर्च करावा का, यावरच वाद होता. शेजारच्या मिशिगन राज्यात कालामाझू गावातल्या करदात्यांनी त्यासाठी कोर्ट गाठलं होतं. १८७४ मध्ये निकाल हायस्कूलच्या बाजूने लागला, आणि करातून चालणाऱ्या हायस्कुलांची वाट मोकळी झाली.

हे वाचताना मला सारखे महात्मा फुले आठवत होते. १८८२ मध्ये, म्हणजे ही शाळा उघडण्याच्या आदल्याच वर्षी, त्यांनी ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर, हे त्यांनी त्यात स्पष्ट मांडलं होतं. पैसा कोणाचा आणि शिकतं कोण, हा प्रश्न त्या दशकात दोन्हीकडे विचारला जात होता. इथे आजही शाळेचा बहुतेक खर्च घरपट्टीतून निघतो. आम्ही भाड्याने राहतो, तरी घरमालकाची घरपट्टी भाड्यातून आम्हीच भरतो. त्यामुळे शाळा आपली आहे असं म्हणायला मला संकोच वाटत नाही.

इव्हन्स्टनमध्ये हे एकच पब्लिक हायस्कूल आहे. शहरात पूर्वेला सरोवराकाठी टोलेजंग जुनी घरं आणि १८५१ मध्ये स्थापन झालेलं नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ. पश्चिमेला, कालव्याच्या बाजूला, कृष्णवर्णीय कुटुंबांची जुनी वस्ती. ती आपोआप तिथे झालेली नाही. बाकीच्या भागांत त्यांना घरं मिळू दिली जात नव्हती. इस्पितळाची दारंही बंद होती, म्हणून १९१४ मध्ये डॉ. इसाबेला गार्नेट आणि त्यांचे पती डॉ. आर्थर बटलर यांनी स्वतःच्या घरात कृष्णवर्णीयांसाठी दवाखाना काढला. घरांच्या बाबतीत झालेल्या अन्यायाची भरपाई म्हणून शहराने २०२१ मध्ये पात्र कुटुंबांना घरासाठी प्रत्येकी २५,००० डॉलर द्यायचं ठरवलं. अमेरिकेत असं करणारं हे पहिलं शहर. शाळेची सध्याची इमारत १९२४ पासून याच पश्चिम भागात, चर्च स्ट्रीट आणि डॉज अव्हेन्यूच्या कोपऱ्याजवळ आहे. आवार साठ एकरांहून मोठं, मुलं साडेतीन हजारांच्या आसपास. प्राध्यापकाचा मुलगा, बसचालकाची मुलगी, मेक्सिकोहून आणि हैतीहून आलेल्या घरांतली मुलं, आमची मुलगी, सगळी त्याच दारातून आत जातात.

पण एका दारातून आत जाणं आणि एका वर्गात बसणं यांत फरक आहे. आपल्याकडे ज्यांनी ‘अ’ तुकडी आणि ‘ड’ तुकडी पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. मी स्वतः ‘अ’ तुकडीतली. ‘ड’ मध्ये बहुतेक कोणत्या वस्तीतली मुलं होती हे मला आजही आठवतं, आणि तेव्हा त्यात काही वावगं वाटत नव्हतं. इथेही अनेक वर्षं तसंच चालत होतं. नववीतच मुलं ऑनर्स (वरच्या पातळीचे) आणि साध्या वर्गांत वेगळी व्हायची, आणि ऑनर्सचे वर्ग बहुतांशी गोरे असायचे. २०१० च्या डिसेंबरात शाळेच्या बोर्डाने नववीच्या ह्युमॅनिटीज (इंग्रजी आणि इतिहास) विषयाचा वेगळा ऑनर्स वर्ग बंद केला, आणि पाठोपाठ जीवशास्त्रात तेच केलं. आता सगळ्यांचा वर्ग एक, अभ्यासक्रम ऑनर्सच्या पातळीचा, आणि ऑनर्सचं क्रेडिट वर्षभराच्या कामावरून मिळवायचं. त्या निर्णयावर गावात मोठं रण पेटलं होतं. हुशार मुलं मागे पडतील, पालक घरं विकून जातील, अशी भीती बोलून दाखवली गेली.

माझी मुलगी अशाच मिश्र वर्गात वर्षभर बसली. तिच्या निबंधांवर शिक्षिकेने लिहिलेले शेरे मी वाचले. ‘छान’ लिहून सोडून दिलेलं नाही. तिसऱ्या परिच्छेदातला दावा कशावर उभा आहे, असं विचारलेलं असतं. ती मागे पडलेली मला दिसली नाही. उलट, ज्या मुलांशी तिची एरवी गाठही पडली नसती त्यांचं ती ऐकायला शिकली. प्रश्न सुटला असं मात्र मी म्हणणार नाही. वरच्या इयत्तांत एपीचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, वर्ग आहेतच आणि तिथे मुलं पुन्हा वेगळी होतात. त्यावर उपाय म्हणून शाळेने कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांसाठी गणित-इंग्रजीचे काही ऐच्छिक वर्ग ठेवले, यावरून २०२३ मध्ये देशभर चर्चा झाली. मी अजून ठाम मत बनवलेलं नाही. जो मुलगा अख्ख्या कॅल्क्युलसच्या वर्गात एकटाच आपल्या रंगाचा असतो, त्याला तिथे हात वर करायला काय लागतं हे मला थोडंफार कळतं. पण वेगळ्या खोलीने एकत्र येणं कसं साधेल हेही मला कळत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की शाळा हा प्रश्न झाकून ठेवत नाही.

आता मला सगळ्यात आवडलेल्या गोष्टीकडे येते. ‘जॉमेट्री इन कन्स्ट्रक्शन’ नावाचा वर्ग इथे २०१३ पासून आहे. गणिताचे आणि तांत्रिक विभागाचे शिक्षक मिळून भूमिती शिकवतात आणि मुलं वर्षभरात शाळेच्या आवारात एक खरंखुरं घर बांधतात. छपराचा उतार काढताना पायथागोरस येतो, कोपरा काटकोनात आहे का ते कर्ण मोजून तपासतात. वर्षअखेरीस ते घर ट्रकवर चढवून शहरातल्या एखाद्या रिकाम्या प्लॉटवर नेतात आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला परवडेल अशा रीतीने देतात. ज्या शहरात ठराविक लोकांना घरं नाकारली गेली, त्या शहरात पंधरा-सोळा वर्षांची मुलं भूमितीच्या तासाला घर बांधताहेत. हे मी पाहिलं त्या दिवशी घरी फोन करून बाबांना सांगितलं. ते आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवत होते. त्यांचा पहिला प्रश्न: “ओळंबा कोण धरतं?” मुलंच धरतात, बाबा.

बाकी थोडक्यात. शाळेत तारांगण आहे. ‘इव्हन्स्टोनियन’ हे मुलांचं वर्तमानपत्र १९१७ पासून चालू आहे आणि त्यात शाळेच्या कारभारावर मुलं मोकळेपणाने लिहितात. २०१७ मध्ये कपड्यांचे नियम बदलले. टोपी, बिनबाह्यांचा टॉप चालतो, आणि कपड्यांवरून मुलींना चारचौघांत टोकायचं नाही हे नियमातच आहे. सुरुवातीला मला ते जड गेलं, आता लक्षही जात नाही. खेळाडूंना ‘वाइल्डकिट्स’ म्हणतात आणि जवळच्याच न्यू ट्रियर हायस्कूलशी मॅच असली की आठवडाभर दुसरं काही सुचत नाही. इलिनॉयमध्ये मुलींचं बॅडमिंटन हा शालेय स्पर्धांचा अधिकृत खेळ आहे, हे आपल्या मुलींना आवर्जून सांगा. आणि आशियाई अमेरिकनांचा इतिहास शिकवणं पब्लिक शाळांना बंधनकारक करणारं हे पहिलं राज्य. कायदा २०२१ चा.

शाळा अवाढव्य आहे, तेव्हा बुजऱ्या मुलाला पहिले काही महिने कठीण जाऊ शकतात. इथे मुलाने स्वतः जाऊन विचारायचं असतं. शाळा भरण्याआधी शिक्षक मदतीसाठी उपलब्ध असतात, पण हात धरून कोणी नेत नाही. आपल्या मुलांना शिक्षकांच्या नजरेला नजर देऊन शंका विचारायची सवय नसेल तर ती उन्हाळ्यातच लावा. पालकांनीही बोर्डाच्या सभेला जाऊन बसावं. सात सदस्य, लोकांनी निवडलेले, बिनपगारी. आम्हा व्हिसावाल्यांना मत नाही, पण सभेत उभं राहून बोलायचा हक्क आहे. मी बोललेय. ऐकून घेतात.

शेजारच्या स्कोकी गावात घर बघत असाल तर एक काळजी घ्या. स्कोकीचा थोडाच भाग या शाळेच्या हद्दीत येतो. बाकीचा नाइल्स नॉर्थ आणि नाइल्स वेस्ट या हायस्कुलांच्या २१९ नंबरच्या शाळा-डिस्ट्रिक्टमध्ये. शिकागोतला भारतीय दुकानांचा रस्ता डेव्हन अव्हेन्यू जवळ म्हणून आपली बरीच मंडळी स्कोकी पसंत करतात. एजंटच्या शब्दावर जाऊ नका, करारावर सही करण्याआधी नेमका पत्ता शाळेच्या ऑफिसला कळवून हद्द विचारून घ्या.