मोबाइल गिंबल खरंच लागतो का? ऑस्मो मोबाइल ६ बरेच महिने वापरल्यावर

फोनमध्येच स्टॅबिलायझेशन (हलणारं चित्र स्थिर करायची सोय) असतं मग गिंबल, म्हणजे फोन मोटरने स्थिर धरणारी दांडी, कशाला, हे मला सारखं विचारतात; माझा गिंबल डीजेआय कंपनीचा ऑस्मो मोबाइल ६. भर उन्हात खरंच फार फरक पडत नाही. फोन चित्राच्या कडा थोड्या कापतो आणि उरलेली फ्रेम उलटीकडे सरकवत राहतो, उजेड असेल तर ते छान चालतं. पण पुण्यात नदीपात्रात ढोल पथकांची प्रॅक्टिस असते ना, ती संध्याकाळी शूट करून बघा. अंधार पडला की शटर स्लो होतं, म्हणजे प्रत्येक फ्रेम जास्त वेळ उजेड घेते, फोन फ्रेम जागेवर आणतो पण हात हलल्याने त्या फ्रेममध्ये जो ब्लर आलाय तो कसा काढणार, मग चित्र स्थिर आणि दिवे मात्र थरथरतायत असं विचित्र दिसतं. गिंबल हाताची थरथर फोनपर्यंत जाऊच देत नाही, म्हणून तो ब्लर मुळात येतच नाही. माझे पैसे इथेच वसूल झाले.

आत तीन मोटर असतात, पॅन (डावी-उजवीकडे वळणं), टिल्ट (वर-खाली झुकणं) आणि रोल (बाजूला कलणं) यांसाठी एकेक. हात जेवढा वळेल तेवढं मोटर फोनला उलटं वळवते. पण नीट लक्षात घ्या, फक्त वळणं थांबतं! चालताना प्रत्येक पावलाला अख्खा फोन वर-खाली होतो ते कुठलाच तीन अ‍ॅक्सिसचा गिंबल काढू शकत नाही, आणि ढोल अगदी जवळून घेताना हे जास्तच जाणवतं कारण जवळची वस्तू फ्रेममध्ये जास्त उड्या मारते. त्याला उपाय पायांचाच, गुडघे थोडे वाकवून टाच आधी टेकवत हळू चालायचं. वाइड लेन्स लावली तर धक्के कमी दिसतात, झूम केला की लगेच उघडे पडतात.

मोडपैकी मी फॉलो (हात वळवू तिकडे फोन सावकाश वळतो) आणि टिल्ट लॉक (फोन फक्त डावी-उजवीकडे वळतो, वर-खाली झुकत नाही) हे दोनच वापरते, स्पिनशॉट, म्हणजे फोन गोल फिरवत घेतलेला शॉट, एकदा गंमत म्हणून ठीक आहे.

घ्यायच्या आधी फोनचं वजन बघा, १७० ते २९० ग्रॅम चालतं, मोठा फोन आणि वर जाड कव्हर म्हणजे लिमिटच्या बाहेर. क्लॅम्प, म्हणजे फोन पकडणारा चिमटा, बरोबर मधोमध लावायचा, नाहीतर मोटरवर उगाच ताण येतो आणि बॅटरी लवकर उतरते. कंपनी ६ तास २४ मिनिटं सांगते ते बॅलन्स नीट असेल तरच. आणि २५ एफपीएसला (सेकंदाला २५ फ्रेम) शटर १/५० सेकंद ठेवा, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट लुकलुकत नाही, हालचालही नॅचरल वाटते.

सिंहगडावर कल्याण दरवाज्याकडे वारा असला की फोन शिडासारखा वारा धरतो, तिथे पाठ वाऱ्याकडे करून उभी राहते. एका जागी बसून रील करायची असेल तर साधा ट्रायपॉड घ्या, हा नको. हा वॉटरप्रूफ नाही, आणि प्रॅक्टिस नेमकी पावसाळ्यात, त्यामुळे थेंब पडायला लागले की मी सरळ बॅगेत टाकते.