कुणाचं बोलणं ऐकून शिकवायचं? तयार संग्रह की आपल्याच वर्गाचं रेकॉर्डिंग

दुसरी भाषा शिकणारी माणसं प्रत्यक्ष बोलताना कुठे अडतात, काय गाळतात, काय जास्तीचं घालतात, हे रेकॉर्ड करून शब्दन्‌ शब्द उतरवून ठेवलेले संग्रह जगात बरेच आहेत. त्यांना ‘लर्नर कॉर्पस’ म्हणतात. त्यांच्यावरून पाठ्यपुस्तकं सुधारतात, परीक्षा घडतात, उच्चार तपासणारी ॲप तयार होतात. यवतमाळ, अमरावती, गडचिरोलीकडच्या जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाला यातलं काय कामाचं, हे ठरवायला मदत व्हावी म्हणून हा आढावा. माझं मत सुरुवातीलाच सांगते: काम कसं करायचं ते तयार संग्रहांकडून शिकावं, पण उद्याच्या तासाला काय शिकवायचं ते आपल्याच मुलांचं बोलणं ऐकून ठरवावं.

वहीत न दिसणारं आवाजात काय दिसतं?

सातवीतल्या एका मुलीसमोर आठवडी बाजाराचं चित्र ठेवलं आणि इंग्रजीत सांग म्हटलं. ती बोलली ते जसंच्या तसं असं:

“धिस इज बाजार. वन आँटी इज सेल टोमॅटो. बॉय गो… बॉय गोज टू… अं… टू हिज मदर.”

हेच तिनं वहीत लिहिलं असतं तर ‘गोज’ बरोबर, ‘इज सेल’ चूक, लाल शाईची एक खूण आणि विषय संपला. ऐकताना मात्र दोन वेगळ्या गोष्टी कळतात. ‘गो’ म्हणून ती थबकली आणि स्वतःच ‘गोज’ केलं. म्हणजे नियम तिला येतो, फक्त तोंडात यायला उशीर होतो. तिला तो नियम पुन्हा समजावून उपयोग नाही, बोलायची संधी वाढवायला हवी. ‘इज सेल’ म्हणताना ती कुठेच अडली नाही. तिच्या लेखी ते बरोबरच आहे. इथे शिकवायची गरज आहे.

न येणं आणि येत असूनही चुकणं, या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात असं भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये मांडलं. शिकणाऱ्याच्या चुकांकडे अभ्यासक गांभीर्याने पाहू लागले त्यात त्या लेखाचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे वही तपासताना हा फरक करायला वावच नसतो.

‘इज’चंच बघा. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे आणि पहिलीतलं मूल सगळ्यात जास्त ऐकतं ते ‘धिस इज’. ते ‘इज’ पुढे प्रत्येक क्रियापदाला चिकटतं. जगभरातल्या नवशिक्यांच्या बोलण्यात हे जास्तीचं ‘इज’, ‘ॲम’ सापडतं, त्यामुळे त्यात आपल्या मुलांचा काही वेगळा दोष नाही. वर्गातल्या दहापैकी सात-आठ मुलांच्या तोंडी ते निघालं, तर काळांचा तक्ता बाजूला ठेवून ‘शी इज अ टीचर’ आणि ‘शी सेल्स टोमॅटो’ ही जोडी आठवडाभर तोंडी घोळवणं जास्त फायद्याचं.

आणखी एक गोष्ट फक्त आवाजातच मिळते, ती म्हणजे थांबण्याची जागा. भाषा अंगवळणी पडलेला माणूस बहुधा वाक्य किंवा वाक्यांश संपवून थांबतो, शिकणारा मध्येच थांबतो. मूल नामाआधी थांबतंय की क्रियापदाआधी, यावरून शब्द अडलाय की रचना अडलीय याचा बराच अंदाज येतो.

तयार संग्रह: आधी बघा कोण बोलतंय

सगळ्यात नावाजलेला संग्रह लिंडसे. बेल्जियममधल्या लूव्हाँ विद्यापीठात सिल्व्हियान ग्रँजे यांच्या पुढाकाराने 1995 मध्ये काम सुरू झालं, 2010 मध्ये तो प्रकाशित झाला. 11 मातृभाषांच्या विद्यार्थ्यांच्या 554 इंग्रजी मुलाखती त्यात आहेत. प्रत्येक मुलाखतीचे तीन भाग: ठरलेल्या विषयावर बोलणं, मोकळ्या गप्पा आणि चार चित्रांवरून गोष्ट. ही मांडणी उचलण्यासारखी आहे आणि ती उचलायला पैसे पडत नाहीत. पण बोलणारे विद्यापीठात इंग्रजी हाच विषय घेतलेले तरुण आहेत आणि त्या 11 भाषांत एकही भारतीय भाषा नाही. आपल्या सातवीसाठी त्यातल्या चुका निरुपयोगी.

कोबे विद्यापीठातल्या शिनइचिरो इशिकावा यांचा इकनेल आशियातला आहे म्हणून जवळचा वाटतो. त्यात पाकिस्तान आहे, फिलिपिन्स आहे, भारत नाही. बोलणारे कॉलेजातले आणि विषय दोनच: विद्यार्थ्यांनी अर्धवेळ नोकरी करावी का, आणि हॉटेलांत धूम्रपानाला बंदी असावी का. एकाच विषयावर सगळ्यांना बोलायला लावलं की तुलना नेमकी होते, एवढं त्यातून घ्यावं.

ट्रिनिटी लँकेस्टर कॉर्पसमध्ये भारतीय विद्यार्थी आहेत, म्हणून त्याच्याकडे नीट लक्ष द्यायला हवं. इंग्रजीच्या तोंडी परीक्षेतल्या संभाषणांचे सुमारे 42 लाख शब्द, बोलणारे 2,000 हून जास्त. मात्र पातळी मध्यमपासून वरची आहे. परीक्षकाशी मतभेद कसा मांडावा, बोलणं कसं पुढे न्यावं, असे धडे त्यातून निघू शकतात. अमरावती-नागपूरच्या कॉलेजात शिकवणाऱ्यानं तो जरूर पाहावा. आपल्या मुलांना पहिलं वाक्य पुरं करायचंय.

उच्चारांसाठी दोन नावं कानावर येतात. एल-टू आर्क्टिक हा अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांचा 2018 चा संग्रह: सहा मातृभाषा, प्रत्येकीचे चार, असे 24 जण. हिंदी त्यात आहे, मराठी नाही. सगळे प्रौढ, आणि जुन्या इंग्रजी कथा-कादंबऱ्यांतली सुटी वाक्यं वाचून दाखवतात. काही वाक्यांत कुठला ध्वनी बदलला, कुठला गळला, कुठला वाढला याच्या खुणा केल्या आहेत, त्या बघून कान तयार होतो. स्पीचओशन 762 मध्ये 250 जणांची 5,000 वाक्यं आहेत, निम्मे बोलणारे लहान मुलं आहेत आणि प्रत्येक वाक्याला पाच जाणकारांनी गुण दिलेत. पण त्या सगळ्यांची मातृभाषा चिनी. त्यांची अडचण वेगळी, आपली ‘स्कूल’चं ‘इस्कूल’ होण्याची आणि ‘व्ही’ व ‘डब्ल्यू’ एकच होण्याची.

मला सगळ्यात कामाचा वाटला तो इंग्रजीचा नसलेला संग्रह. फ्लॉकमध्ये इंग्लंडमधली शाळकरी मुलं फ्रेंच शिकताना बोलली आहेत. वय आपल्या मुलांच्या जवळचं, पातळी अगदी सुरुवातीची, आणि वर्ग पुढे सरकतो तसं बोलणं कसं बदलतं हे त्यात ऐकू येतं. फ्रेंच येत नसलं तरी मुलांना कोणती कामं दिली आणि बोलणं कसं उतरवलं हे पाहता येतं. आपलं रेकॉर्डिंग आखताना हा नमुना डोळ्यासमोर ठेवावा.

थोडक्यात, शेजारच्या गावचा माती परीक्षणाचा अहवाल आणून आपल्या वावरात खत टाकता येत नाही. परीक्षण कसं करायचं ते मात्र त्या अहवालावरून शिकता येतं.

आपल्या वर्गाचं रेकॉर्डिंग: वेळ कुठे जातो

फोन आहे, रेकॉर्डर त्यातच असतो. खर्च शून्य, पण वेळ भरपूर. मुलांचं एका मिनिटाचं बोलणं उतरवायला दहा मिनिटं सहज जातात, गोंगाट असला तर जास्त. टिनाच्या छपराखाली श्रावणातल्या पावसात काहीच ऐकू येत नाही. पोषण आहाराच्या तांदळाची पोती ठेवलेली खोली त्यासाठी चांगली, पोत्यांमुळे आवाज घुमत नाही.

बोलणं आपोआप लिहून देणारी ॲप इथे जपून वापरावीत. ती पुष्कळदा चुकीचं वाक्य सुधारूनच लिहितात, ‘अं’ आणि थबकणं गाळून टाकतात. म्हणजे आपल्याला हवं तेच नेमकं पुसलं जातं. कच्चा मजकूर म्हणून घ्या, पण कानाने पुन्हा तपासल्याशिवाय त्यावरून एकही निष्कर्ष काढू नका.

उतरवलेल्या मजकुरात शोधाशोध करायला अँटकॉन्क आहे. जपानच्या वासेदा विद्यापीठातल्या लॉरेन्स अँथनी यांनी केलेला हा प्रोग्राम मोफत मिळतो. ‘इज’ टाकलं की ते जिथे जिथे आलं त्या सगळ्या ओळी एकाखाली एक दिसतात. उच्चाराची बारीक तपासणी करायची असेल तर ॲमस्टरडॅम विद्यापीठातला प्राट हा प्रोग्राम, तोही मोफत. शाळेत संगणक बंद पडलेला असेल तर वही आणि दोन रंगांचे पेनही पुरतात: स्वतः सुधारलेलं हिरव्या रंगात, न सुधारलेलं लाल.

वेळापत्रकाचा विचार आधी करा. आपल्याकडे शाळा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. दिवाळीनंतर अनेक घरं कामासाठी बाहेर पडतात. मेळघाटातली पुष्कळ कुटुंबं होळीला परततात. जुलैत एकदा आणि फेब्रुवारीत एकदा असं रेकॉर्डिंग ठरवलं, तर नेमकी ज्यांना जास्त गरज आहे ती मुलं दुसऱ्या फेरीत सापडत नाहीत. दुसरी फेरी दिवाळीच्या आधीच उरकावी.

मराठी हीच दुसरी भाषा असेल तर

मला सगळ्यात जास्त कळकळ याच मुलांची आहे. कोलाम पोडावरचं (वस्तीवरचं) कोलामी, मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्यातलं कोरकू किंवा भामरागडचं गोंडी बोलणारं मूल शाळेत येतं तेव्हा इंग्रजीच्या आधी मराठीच त्याला दुसरी भाषा असते. मेळघाटात मध्ये हिंदीही असते. वर सांगितलेल्या सगळ्या संग्रहांत मराठी शिकणारं एकही मूल नाही, म्हणजे या शिक्षकापुढे निवड अशी नाहीच.

त्यातही सगळ्यांना एकच औषध चालत नाही. कोलामी आणि गोंडी या द्रविड कुळातल्या. त्यांच्यात एकवचनात पुरुष एका गटात, आणि बाई, जनावर, वस्तू दुसऱ्या गटात. कोरकू मुंडा कुळातली, तिथे भेद सजीव आणि निर्जीव असा. मराठीत तीन लिंगं. मग कोलामी मुलाला ‘आली’ आणि ‘आलं’ यांत घोटाळा व्हावा आणि कोरकू मुलाला ‘आला’ आणि ‘आली’ यांत, असं व्याकरणावरून वाटतं. वाटतं ते खरं आहे का, हे मुलांचं बोलणं ऐकल्यावरच ठरेल. आणि एकदा ठरलं की ‘लिंग ओळखा’चा एकच स्वाध्याय दोघांना देण्यात अर्थ उरत नाही.

इथे एक सावधगिरी. मूल ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतं, ‘काय करून राह्यला’ म्हणतं. ती चूक म्हणून नोंदवू नका. ती वऱ्हाडी आहे, बाजारात आणि वावरात त्यानं ती मराठी म्हणूनच शिकली आहे, आणि ती त्याची कमाई आहे. उतरवताना तिसरा रंग ठेवा: वऱ्हाडी. पुस्तकातलं ‘करत आहे’ त्याच्या शेजारी शिकवता येतं, ‘करून राह्यला’ पुसायची गरज नाही. हा रंग ठेवला नाही तर निम्म्या ‘चुका’ गावाच्या भाषेच्याच निघतील आणि मुलं बोलायचीच बंद होतील.

परवानगीचा भाग टाळू नका

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची तरतूद आहे. पालकसभेत सांगा, कोलामी किंवा कोरकू बोलणाऱ्या कुणाकरवी पालकांना समजावून सांगा, मगच सही किंवा अंगठा. फाइलला नावाऐवजी क्रमांक द्या. तयार संग्रहांत ही कामं त्यांनी केलेली असतात, एवढा त्यांचा फायदा मान्य करायला हवा.

कायद्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे गाव लहान आहे, आवाज सगळे ओळखतात. मुलाचं अडखळणं वर्गात वाजवून दाखवू नका आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. उदाहरण द्यायचं असेल तर वाक्य आपल्या आवाजात म्हणा.

मग कुणी काय घ्यावं?

कॉलेजात इंग्रजी शिकवत असाल तर ट्रिनिटी लँकेस्टरपासून सुरुवात करा. उच्चाराचं ॲप बनवणारी मंडळी एल-टू आर्क्टिककडे वळतील. त्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात: तो व्यावसायिक वापरासाठी नाही, आणि चार प्रौढ हिंदी भाषक म्हणजे वणीतली पाचवी नव्हे.

पाचवी ते आठवीला इंग्रजी शिकवणाऱ्यानं फ्लॉक आणि लिंडसेची मांडणी एकदा बघून घ्यावी आणि आपल्या वर्गाकडे वळावं. एकच चित्र, सगळ्यांना तेच, प्रत्येकी दोन मिनिटं.

मराठी दुसरी भाषा असलेल्या शाळांनी हे काम केंद्रपातळीवर एकत्र करावं. एका शाळेत कोलामी मुलं पाच-सहाच असतील, सगळ्या केंद्रात मिळून पुरेशी होतात. सगळ्यांनी तेच चित्र, तेच तीन रंग ठेवले तर एका शाळेतलं रेकॉर्डिंग दुसऱ्या शाळेच्या उपयोगी पडतं.

आणि शाळा द्विशिक्षकी असेल, चार वर्ग एकट्यावर असतील, तर पाचच मुलं निवडा: दोन बोलकी, तीन गप्प राहणारी. दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग उतरवायला दोन संध्याकाळी पुरतात. गप्प राहणारी तीन आधी ऐका.