बांधावर सुबाभूळ की गिरिपुष्प? कोरडवाहू रानासाठी विचार

कोरडवाहू रानाच्या बांधावर पाल्याचे आणि चाऱ्याचे झाड लावायचे म्हटले की गावात दोनच नावे निघतात, सुबाभूळ आणि गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया). दोन्ही हवेतला नत्र मुळांवाटे धरतात, दोन्ही कितीही छाटली तरी फुटतात, दोन्हींचे सरपण होते. दोन्ही वापरून झाल्यावर मी आता नव्या बांधावर गिरिपुष्पच लावतो. तरी सुबाभळीची बाजू आधी नीट पाहू, कारण काही शेतकऱ्यांना तीच सोयीची पडेल.

चाऱ्यात सुबाभूळ निर्विवाद पुढे आहे. शेळी तिच्यावर तुटून पडते, प्रथिने भरपूर, आणि डिसेंबरनंतर गिरिपुष्पाची पाने झडू लागतात तेव्हाही थोडी ओल असली तर सुबाभूळ हिरवी राहते. पुण्याजवळ उरळीकांचनला मणिभाई देसाईंच्या बायफ या ग्रामविकासाच्या संस्थेने तिचा प्रसार केला तो उगाच नव्हे. दोन अडचणी मात्र माहीत असाव्यात. पाल्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असते, म्हणून एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर घालू नये. सतत जास्त खाल्ले तर जनावरांचे केस गळतात. आणि १९८८ साली सायला ही कीड भारतात आल्यापासून कोवळे शेंडे अधूनमधून काळवंडून आखडतात. या दोन्हींवर मार्ग निघतो.

मार्ग निघत नाही तो बियांवर. माझा निर्णय झाला तो याच एका त्रासामुळे. सुबाभळीला पांढरे गोंडे येतात, त्यांच्या जागी शेंगांचे झुपके लोंबतात आणि बी खाली पडत राहते. बियाचे कवच टणक, त्यामुळे ते मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते आणि दर पावसात थोडे थोडे उगवते. वाळलेल्या शेंगा जनावरांनी खाल्ल्या तर शेणखतातून आतल्या वावरातही पोहोचते. सोयाबीनच्या ओळीत उगवलेले रोप वीतभर होईपर्यंत नजरेत येत नाही. दोन ओळींतले कोळप्याने निघते, पण ओळीतले राहून जाते. तोवर सोटमूळ खाली गेलेले असते. वाफसा (बेताची ओल) असताना दोन्ही हातांनी ओढले तर निघते, जमीन वाळली की देठ तुटतो आणि बुडातून दोन फुटवे येतात. सोयाबीन काढताना याच काटक्यांवर विळा अडतो. ही खुरपणी एका वर्षात संपत नाही. झाड तोडून टाकले तरी बी मातीत शिल्लक असते. मजुरीचा हिशोब केला तर पाल्याचा फायदा तिथेच जिरतो, असे माझे मत झाले.

गिरिपुष्पाचे बी असे ठाण मांडून बसत नाही. शेंगा तडकून बी लांब उडते खरे, पण कवच पातळ असल्याने ते लगेच उगवते किंवा मरते. दुसरी सोय कुंपणाची. ताज्या पाल्याला उग्र वास येतो, म्हणून मोकाट शेळ्या तोंड लावून पुढे जातात. सुबाभळीची रोपे पहिली दोन वर्षे राखावी लागतात, नाहीतर बुडापर्यंत खाल्ली जातात. गिरिपुष्पाचा चारा करायचाच असेल तर पाला रात्रभर सुकवून, इतर चाऱ्यात मिसळून सवय लावावी. घोडे, गाढवे आणि कोंबड्यांना मात्र अजिबात घालू नये. गिरिपुष्पाचे उंदीरमारी हे दुसरे नाव याच विषारी गुणावरून पडले आहे.

लावताना फाटा (तोडलेली फांदी) की रोप, हा प्रश्न येतो. फाटा सोपा: अंगठ्याहून जाड, पिकल्या सालीचा, मीटरभर लांब, तिरका कापलेला, २० ते ३० सेंटिमीटर खोल आणि शेंडा वरच्याच बाजूला. कोकणात तो चांगला लागतो. मराठवाड्या-विदर्भात मी रोपच घ्या म्हणेन. फाट्याची मुळे वरच्या थरात आडवी पसरतात, पिकाशी ओलीसाठी भांडतात, आणि मऊ बांधावर वाऱ्याने झाड कलते. बियाच्या रोपाला सोटमूळ असते.

एप्रिलमध्ये शेंगा पिवळ्या पडल्या की तोडाव्यात आणि जाळीखाली वाळवाव्यात, उघड्या ठेवल्या तर बी उडून जाते. बी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून ४ × ६ इंची पिशवीत, माती दोन भाग, वाळू एक, शेणखत एक अशा मिश्रणात, सेंटिमीटरभर खोल दोन-दोन टाकावे. जुलैत रोप फूट-दीड फुटाचे होते. फूटभर खड्डा पुरतो. अंतर एक मीटर. चौकोनी एका एकराच्या चारही बाजू मिळून साधारण २५५ मीटर भरतात, म्हणजे २५० रोपे. पिशव्या मात्र ३०० भराव्यात, नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागा, भरायला रोपे लागतात.

पहिली छाटणी दुसऱ्या पावसाळ्यात, जमिनीपासून पाऊण मीटरवर. पुढे पेरणीआधी एकदा आणि ऑगस्टअखेर एकदा. माझ्याकडे हलक्या रानात तिसऱ्या वर्षापासून एका झाडाला एका छाटणीत दोन-अडीच किलो ओला पाला निघतो, भारी जमिनीत जास्त निघेल. त्यात चारातले तीन हिस्से पाणीच असते, म्हणून एक टन पाल्यातून नत्र सहा किलोच्या आसपास, म्हणजे १३ किलो युरियाइतके. युरियाची गोणी पूर्ण वाचेल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. खरा फायदा तुरीच्या दोन ओळींत पाला पसरल्यावर दिसतो. वरची माती तापत नाही, ओल आठ दिवस जास्त टिकल्यासारखी वाटते, आणि पाला काही आठवड्यांत कुजून जातो.

गिरिपुष्पाचा एक दोष सांगायलाच हवा. कोरड्या दिवसांत कोवळ्या फांद्यांवर काळा मावा बसतो आणि पाने चिकट होतात. तोच मावा भुईमूग, चवळीवरही येतो. उन्हाळी भुईमूग घेत असाल तर त्या बाजूच्या बांधावरची झाडे जानेवारीत छाटून टाका. इतर बाजूंची फेब्रुवारीच्या गुलाबी फुलांसाठी राहू द्या. त्या दिवसांत मधमाश्यांना तोच मोठा आधार असतो.

गोठ्यात बांधून जनावरे पाळत असाल, रानाला कुंपण असेल आणि दर दीड-दोन महिन्यांनी कापणी चुकणार नसेल, तर वेगळ्या तुकड्यात सुबाभूळ लावायला हरकत नाही. बांधावर आधीच असेल तर लगेच तोडायची घाई नको. पांढरे गोंडे दिसले की शेंग धरण्याआधी छाटा, आणि आपल्याच लगतच्या बांधावर या जुलैत गिरिपुष्प लावा. ते छाटणीला आले की सुबाभूळ बुडासकट, मुळ्या खणून काढा; नुसती तोडली तर पुन्हा फुटते.