ईएसआयचा आजारपण भत्ता: पैसे चोख, पण नोकरीसाठी रजेचा अर्ज वेगळा

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचे ईएसआयला, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेला, ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. एवढ्याशा वर्गणीच्या मानाने आजारपण भत्ता भक्कम आहे. सरासरी रोजाच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. रोज ६०० रुपये पडत असेल, तर दिवसाला ४२०, थेट बँक खात्यात. पहिले दोन दिवस मात्र कोरडे जातात. आधीच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा पडलात, तर ते दोन दिवस कापत नाहीत.

अट एकच, पण तारखांचा घोळ इथेच होतो. सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी पुढच्या जानेवारी ते जूनला कामी येते, ऑक्टोबर ते मार्चची जुलै ते डिसेंबरला. टीबी, कर्करोग, पक्षाघात अशा ३४ दीर्घ आजारांत दर ८० टक्के होतो आणि मुदत दोन वर्षांपर्यंत वाढू शकते. त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि चार सहामाहींत मिळून १५६ दिवसांची वर्गणी लागते.

या सेवेतली सगळ्यात त्रासाची बाजू आजारपणाच्या प्रमाणपत्रांची. पहिलं प्रमाणपत्र ईएसआयच्या डॉक्टरकडून, मग साधारण दर सात दिवसांनी पुढचं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर आठवड्याला दवाखान्यात ओढत न्यायचं, हे चुकीचंच आहे. आजार २८ दिवसांपुढे गेला की चार आठवड्यांपर्यंतचं विशेष प्रमाणपत्र मिळू शकतं. ते आपणहून मागा. खासगी हॉस्पिटलच्या नुसत्या कागदावर विसंबू नका, तो वेळेत ईएसआयच्या डॉक्टरला दाखवा. आणि डॉक्टरच्या परवानगीशिवाय गावी जाऊ नका, भत्ता अडकतो.

आता साहेबांचं. १९४८ च्या मूळ ईएसआय कायद्यातलं (२०२५ पर्यंत लागू) कलम ७३ सांगायचं की भत्ता किंवा उपचार चालू असताना कामगाराला काढता येत नाही, शिक्षा करता येत नाही आणि त्या काळात दिलेली नोटीस अवैध. पण हे कवच तेव्हाही कायमचं नव्हतं. त्या कायद्याखालच्या ईएसआय नियमावलीतल्या नियम ९८ प्रमाणे साध्या आजारात सहा महिने उलटले, टीबी, कुष्ठरोग, मानसिक आजार किंवा कर्करोगात अठरा महिने उलटले, की सेवाशर्तींत तशी सोय असल्यास मालक रीतसर नोटीस देऊन कमी करू शकत होता.

त्याहून मोठी फट दुसरीकडे आहे. ईएसआयचं प्रमाणपत्र म्हणजे रजा नव्हे. बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं: स्टँडिंग ऑर्डरप्रमाणे (कंपनीच्या सेवानियमांप्रमाणे) सलग आठ दिवस विनारजा गैरहजर राहिल्याने नोकरी संपली, तर कलम ७३ आड येत नाही. त्रास देणारा साहेब नेमका हाच रस्ता धरतो. 'फोनवर सांगितलंस ना, बास' म्हणतो आणि मस्टरवर विनारजा गैरहजेरी लावतो. म्हणून प्रत्येक प्रमाणपत्राच्या झेरॉक्ससोबत तेवढ्याच तारखांचा रजेचा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. घेत नसतील, तर त्याच दिवशी पोचपावतीसह स्पीड पोस्टाने कंपनीच्या पत्त्यावर, साहेबांच्या नावे नव्हे तर व्यवस्थापनाच्या नावे पाठवा. ईमेलही करा.

'अर्धा दिवस येऊन चार्ज देऊन जा' याला होकार देऊ नका. ज्या दिवशी काम केलं किंवा पगारी रजा लागली, त्या दिवसाचा भत्ता जातो. ईएसआयचं शाखा कार्यालय फॉर्म १० पाठवून मालकाकडे गैरहजेरीची खातरजमा करतं, त्यात ते उघड होतं. हाच फॉर्म साहेबाने टेबलावर दाबून ठेवला, तर शाखा व्यवस्थापकाला लेखी कळवा. मालकाने वर्गणीच भरली नसली, तरी तुमचा हक्क बुडत नाही, वसुली मालकाकडून होते.

कामावर परतताना अंतिम प्रमाणपत्रावरच्या तारखेलाच गेटवर हजर राहा. आत घेतलं नाही, तर त्याच दिवशी 'कामावर हजर झालो, घेतलं नाही' असं लेखी पाठवा.